चार कोटांचा साहेब

साहेबांच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी लिंबू ठेवलं, तर ते आपण होऊन पुढच्या दारापर्यंत पाहुण्याला घ्यायला यायचं. मी स्वतः पाहिलंय. पहिल्यांदा गेलो, बेल दाबली, दार उघडलं, तर उंबऱ्याशी साहेबांच्या आधी लिंबू हजर. मागोमाग साहेब. हातातल्या कपातला चहा एका बाजूला कललेला, साहेब दुसऱ्या बाजूला. "या," म्हणाले, "फक्त डाव्या पायावर जरा जास्त भरवसा ठेवा."

याला कारण भूकंप. आमचं उरायासु म्हणजे जपानात समुद्रात भर घालून केलेलं गाव. दोन हजार अकराच्या मार्चमध्ये हादरे बसले तशी ती भर पातळ पिठल्यासारखी झाली. दिव्याचे खांब वाकले, गटाराची झाकणं आपापल्या नळकांड्यांसकट कमरेएवढी वर आली, आणि कितीतरी घरं कलली. बाकीच्यांनी वर्ष-दोन वर्षांत जॅक लावून घरं सरळ करून घेतली. साहेबांनी नाही. ते म्हणायचे, इतकी वर्षं घर सरळ होतं आणि मी वाकडा होतो, आत्ता कुठे आमचं जमायला लागलंय.

साहेब जातिवंत इंग्रज. वय पासष्टच्या पुढे, उंची जपानी दारांना न मानवणारी. पोटासाठी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेत. आमच्या इमारतीतली भारतीय पोरंही जायची. माझी मुलगी एकदा घरी येऊन जपानीत सांगू लागली, आज साहेबांनी तासभर सॉरी म्हणायच्या सतरा तऱ्हा शिकवल्या, त्यातल्या अकरांमध्ये आपली चूक कबूल करावी लागत नाही. पण वर्ग हा जोडधंदा. खरा धंदा बँड.

बँड चार इंग्रजांचा. साहेब ट्रॉम्बोन वाजवायचे आणि गायचे, रेजिनाल्ड क्लॅरिनेट, क्लाइव्ह बँजो, आणि डग्लस कपडे धुवायचा पत्रा, गुरांच्या घंटा व सायकलचा भोंगा. चौघांच्या अंगात गादीच्या खोळीसारखे पट्ट्यापट्ट्यांचे कोट. वाजवायचे ते जॅझ म्हणावं, तर ऐन रंगात भोंगा वाजायचा. गाणं म्हणावं, तर गाणारा मध्येच खाली वाकून टोपी शोधू लागायचा. चालू नाटकातला पडदा चुकून पडावा आणि तोच प्रवेश सगळ्यांना आवडावा, तसा प्रकार. लोकांना आधी आपली काळजी वाटली पाहिजे, मग हसू आलं पाहिजे, हे साहेबांचं शास्त्र. हॉटेलांत, लग्नांत, नव्या सुपरमार्केटच्या उद्घाटनाला हे चौघे वर्षानुवर्षं लोकांना काळजीत टाकत आले होते.

भूकंपानंतर आठवडाभरात तिघे इंग्लंडला परतले. त्यांना मी दोष देत नाही. जमीन रोज हलत होती, घरून फोनावर फोन येत होते. माझी बायको-मुलगीही तेव्हा पुण्याला गेल्या. मी राहिलो, कारण बँकेतल्या साहेबांनी मला 'अत्यावश्यक' ठरवलं, म्हणजे फोन उचलायला कुणीतरी हवं होतं. आमचे हे साहेब का राहिले? विचारलं की म्हणायचे, ट्रॉम्बोनवर पुस्तकांचं कपाट पडलं होतं, ते उचलेपर्यंत विमान गेलं.

त्या दिवसांत नळाला पाणी नव्हतं. नगरपालिकेचा टँकर यायचा, रांग लागायची. पाण्याच्या रांगेचा माझा अनुभव दांडगा, बालपण डोंबिवलीत गेलंय. पण अशी रांग मी पाहिली नव्हती. कुणी घुसत नाही, कुणी भांडत नाही, कुणी बोलतही नाही. तीनशे माणसं कॅन धरून थंडीत गप्प. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी साहेब दिसले. चार खुर्च्या ओढत आणलेल्या, आणि अंगात चारी कोट, एकावर एक. चालता-फिरता गाद्यांचा ढीगच.

त्यांनी खुर्च्या मांडल्या आणि एकट्यानं चौघांचा कार्यक्रम सुरू केला. पहिल्या खुर्चीवर बसून ट्रॉम्बोन. मग वरचा कोट काढून दुसऱ्या खुर्चीवर, रेजिनाल्ड होऊन, क्लॅरिनेटची एक किंचाळी. तिसऱ्या खुर्चीवर क्लाइव्ह होऊन त्यांनी रेजिनाल्डकडे रागानं पाहिलं. रेजिनाल्डला उत्तर द्यायचं होतं, म्हणून परत पळत जाऊन कोट चढवला. भांडण वाढत गेलं तसे कोट उलटसुलट होऊ लागले. शेवटी डग्लसच्या कोटात क्लाइव्ह घुसला, आणि चौघांनी मिळून एकाच माणसाची माफी मागितली. रांगेत पुढे एक वयस्क गृहस्थ उभे होते. ते आधी खोकल्यासारखे हसले, मग खरेच हसले, आणि मग सगळी रांग अशी हलली की टँकरवाल्यानं आफ्टरशॉक समजून चाक धरलं.

ते गृहस्थ म्हणजे निशिमुरा-सान, निवृत्त स्टेशनमास्तर. शाळेच्या बँडमध्ये कधीकाळी क्लॅरिनेट वाजवलेलं. दुसऱ्या दिवशी ते टोपी काढून साहेबांच्या कललेल्या दारात उभे राहिले. साहेबांनी त्यांना कोट दिला आणि अट सांगितली. तीच अट पुढे आम्हा सगळ्यांना लागू झाली. बँड या चार नावांचाच राहील. जो रेजिनाल्डच्या कोटात शिरेल, तो रेजिनाल्ड. पोस्टर बदलणार नाही.

रेजिनाल्ड-सानांनी कोटाबरोबर जुन्या कार्यक्रमाची एक कॅसेटही नेली आणि महिनाभर ऐकली. तीत मूळ रेजिनाल्डच्या चौदा चुका होत्या. कुठे सूर फाटला, कुठे उशिरा उठला, कुठे दुसऱ्याच गाण्यात शिरला. निशिमुरांनी त्या घड्याळ लावून वहीत उतरवल्या आणि पाठ केल्या. त्यानंतर त्या चौदा चुका ठरल्या सेकंदाला व्हायच्या, पंधरावी कधी नाही. एकदा सातवी चूक पाव सेकंद उशिरा झाली, तर कार्यक्रम संपल्यावर त्यांनी माइक घेऊन प्रेक्षकांची रीतसर क्षमा मागितली. तो त्या दिवशीचा सगळ्यात मोठा हशा. त्यांना तो का आला ते कळलं नाही.

माझी निवड जवळच्या निशी-कसाई वस्तीतल्या गणपतीत झाली. आमचं मंडळ तिथे हॉल घेऊन उत्सव करायचं आणि मी बेंजो वाजवायचो. बेंजो म्हणजे आपला, विसर्जनाच्या मिरवणुकीतला, टाइपरायटरसारख्या बटणांचा. साहेब कुणा विद्यार्थ्याबरोबर मोदक खायला आले होते. आरती संपल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाले, "हे वाद्य बिघडलंय का?"

"नाही. याचा आवाजच असा."

"मग तुम्ही क्लाइव्ह," असं म्हणून त्यांनी आणखी एक मोदक घेतला.

निशिमुरा-सानांनी तो बेंजो पाहिला तेव्हा त्यांना हुंदकाच फुटायचा बाकी राहिला. त्यांच्या आजीकडे हुबेहूब तसला होता. ते म्हणाले, हे जपानी वाद्य, ताइशोगोतो, फार पूर्वी जहाजातून तुमच्याकडे गेलं असणार. म्हणजे ज्या वाद्याला मी गिरगावची मिरासदारी समजत होतो, ते नुसतं माहेरी आलं होतं.

आता माझा गाढवपणा सांगतो. क्लाइव्ह झालो म्हणून मी तीन महिने जीव तोडून रियाज केला. शेजाऱ्यांनी दोनदा दारावर नम्र चिठ्ठी लावली. पहिल्याच तालमीत असा स्वच्छ तुकडा वाजवला की माझ्याच अंगावर काटा आला. साहेबांचा चेहरा पडला. "उत्तम," ते म्हणाले. मी खूश. निशिमुरांनी मान खाली घातली. मला नंतर कळलं की उत्तम ही साहेबांची सर्वांत जबर शिवी होती. ज्याच्याकडून उत्तम वाजेल, त्यानं सगळ्यांना चहा करायचा, ही शिक्षा. आणि त्या घरात चहा करणं म्हणजे काय, तर एका पायानं गॅसकडे आणि दुसऱ्यानं साखरेकडे उभं राहणं. चुकीचं वाजवायला मला आणखी आठ महिने लागले. चूक करायची तर छाती पुढे काढून करा, साहेब बजावायचे, दबकत केलेली चूक ही नुसती चूक असते.

डग्लस झाल्या आमच्या गोडबोले वहिनी. शेजारच्या इमारतीत राहायच्या, चिबाच्या एका संस्थेत शेवाळावर संशोधन करायच्या. गोडबोले भाऊजी पुण्याला कॉलेजात. वहिनींना वाद्यांतलं काही कळत नसे. मी त्यांना एकदा तालीम पाहायला घेऊन गेलो, इतकंच. साहेबांनी आपला ठेवणीतला विनोद सांगितला, ज्यावर म्हणे एका राजदूताचा पट्टा तुटला होता. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पुढे काय झालं?" साहेब उठले, आत गेले आणि डग्लसचा कोट घेऊन आले. वहिनी मंचावर बसायच्या सूक्ष्मदर्शकासमोर बसल्यासारख्या, आणि भोंगा वाजवायच्या नमुना बाटलीत टाकल्यासारखा. लोक कोसळायचे. वहिनींच्या कपाळावरची रेघ हलत नसे.

तर असा हा ब्रिटिश बँड. एक इंग्रज, एक जपानी स्टेशनमास्तर, एक डोंबिवलीकर आणि एक पुणेरी शास्त्रज्ञीण. सहा वर्षं आम्ही वाजवलं. दर उन्हाळ्यात आमच्या बाजारगल्लीच्या उत्सवात शेवटचा कार्यक्रम आमचा. दुकानदारांच्या मंडळाचे अध्यक्ष होते टोफूवाले. ते दर वर्षी वसंतातच छापील अर्ज आणायचे, साहेब त्यात चार नावं भरायचे. रेजिनाल्ड, क्लाइव्ह, डग्लस आणि ते स्वतः.

एक गोष्ट आम्हाला ठाऊक होती, पण आम्ही ती मनावर घेतली नव्हती. साहेब दर महिन्याला त्या तिघांना पत्र लिहायचे. हातानं, तिरक्या टेबलावर. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ, तुमची जागा राखून ठेवली आहे. मी समजत होतो, आपण 'कळावे, लोभ असावा' लिहितो तसं काहीतरी असेल.

सहाव्या वर्षी तिघांचं मिळून उत्तर आलं. तिघेही निवृत्त झाले होते आणि उत्सवाला येत होते, कोटात शिरायला.

साहेब इतके आनंदले की त्या दिवशी वर्गातल्या मुलांना लवकर सोडलं. मग संध्याकाळी आम्ही तालमीला जमलो, आणि आमच्याकडे पाहता पाहता त्यांचा आनंद मावळत गेला. मंच चार माणसांचा. अर्जात नावं चार, तो केव्हाच जाऊन पडलेला. निशिमुरा-सान क्लॅरिनेट पुसत राहिले. वहिनींनी मात्र मराठीत मला सुनावलं, "एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तो रुमाल आपण. मालक आले की उचलायचा." मग इंग्रजीत साहेबांना सरळ विचारलं, की आता काय करायचं ठरवलंय.

"मी त्यांना शब्द दिलाय," साहेब म्हणाले.

"आणि आम्हाला?"

"तुम्हाला द्यायचं सुचलंच नाही. तुम्ही दर आठवड्याला येतच होता."

त्यानंतरचे पंधरा दिवस साहेबांनी एकही विनोद केला नाही. मुलगी सांगायची, वर्गात आता सॉरीची एकच तऱ्हा शिकवतात. त्या वयात मित्र परत यावेत म्हणून माणसानं सहा वर्षं पत्रं लिहावीत, ते यावेत, आणि त्यांना बसवायला आपण आपल्याच हातांनी कुणाला तरी उठवावं, हे त्यांना झेपत नव्हतं. आणि खरं सांगतो, मलाही उठवून घ्यायचं नव्हतं. बँकेत मी तीन खात्यांचा उपव्यवस्थापक होतो, पण तो कुणीही असू शकतो. क्लाइव्ह मी एकटाच होतो.

तिघे आले. गुलाबी, जाडजूड, प्रेमळ माणसं. साहेबांना त्यांनी अशी मिठी मारली की चौघेही उताराच्या दिशेनं दिवाणखान्यातून थेट बाथरूमपर्यंत गेले. मग निशिमुरा-सान उठून उभे राहिले. त्यांच्या रेल्वेत एक ड्रायव्हर उतरून दुसरा चढतो तेव्हा ताबा देण्याची रीत असते. तसा त्यांनी घडी केलेला कोट दोन्ही हातांनी पुढे केला, सलाम ठोकला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "रेजिनाल्ड. सहा वर्षं. गैरहजेरी नाही. ठरलेल्या चुका चौदा, सर्व वेळेवर. ताबा घ्यावा." आणि कोटावर चुकांची वही ठेवली.

साहेबांनी भाषांतर करावं म्हणून मी वळलो, तर साहेब खिडकीबाहेर बघत होते.

मूळ रेजिनाल्डनं चष्मा लावून वही वाचली. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. "हा फाटका सूर," तो म्हणाला, "तेव्हा माझी कवळी सैल होती. आणि हे दुसऱ्या गाण्यात शिरणं... मला वाटत होतं कुणाच्या लक्षात आलं नाही."

त्यातलं त्यानं ठरवून काहीच केलं नव्हतं. त्याला वाजवता येत नसे, एवढंच. साहेबांनी घाईघाईनं म्हटलं, काही हरकत नाही, वाजव तर खरं. त्यानं क्लॅरिनेट उचललं आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत ते गाणं असं वाजवलं की एक काना इकडचा तिकडे झाला नाही. निवृत्त झाल्यावर त्यानं शिकवणी लावली होती. क्लाइव्हचंही तेच. तो आता चर्चच्या गायकमंडळाचा प्रमुख होता आणि बँजो प्रार्थनेसारखा वाजवत होता. डग्लसची गोष्ट आणखी वाईट. वहिनींनी त्याच्या हातात भोंगा दिला आणि तो वाजवायच्या आधीच हसला. "अहो, हसायचं नसतं," वहिनी न राहवून मराठीतच म्हणाल्या. त्यानं पुन्हा केलं, पुन्हा हसला. तिसऱ्यांदा तर त्याला भोंगा दिसताच हसू आलं.

सगळ्यांना तो चहा करायला लावणारा एकच शब्द ऐकू येत होता, आणि साहेब तो उच्चारत नव्हते, म्हणून जास्तच ऐकू येत होता.

साहेब उठून आत गेले. आतून ड्रॉवर उघडल्याचे, काहीतरी घरंगळल्याचे, टोफूवाल्यांना फोन लावल्याचे आवाज आले. बाहेर आले तेव्हा हातात मंडळाचा एक नवा कोरा अर्ज होता आणि चेहऱ्यावर पंधरा दिवसांत पहिल्यांदा लबाडी.

"मी जागा राखून ठेवली आहे असं लिहीत होतो," ते तिघांना म्हणाले. "कुठली, ते आत्ता दिसलं. या तिघांनी तुमची नावं घेतली तेव्हा यांची स्वतःची रिकामी झाली. सहा वर्षं बँडमध्ये कुणी वापरलेली नाहीत. अगदी नवीकोरी आहेत."

आणि त्या वाकड्या टेबलावर त्यांनी अर्ज भरला. मग तो आमच्यापुढे सरकवला आणि विचारलं, द्याल का? निशिमुरा-सानांनी आपलं नाव दोन्ही हातांनी दिलं. वहिनी म्हणाल्या, "देईन, पण सासरचं आहे, नीट वापरा." मी मान हलवली. क्लाइव्हचा कोट अजून माझ्या अंगात होता आणि तो आता कुणी काढून घेणार नव्हतं.

उत्सवाच्या संध्याकाळी टोफूवाले अध्यक्ष माइकसमोर उभे राहिले आणि अर्ज पाहून वाचू लागले. जे लिहिलंय ते वाचायचं, एवढंच त्यांना माहीत. आधी सादर होत आहे भारत-जपान मैत्री वाद्यवृंद, असं म्हणून त्यांनी निशिमुरा-सान, गोडबोले-सान आणि माझं आडनाव पुकारलं. तीन गुलाबी इंग्रज मंचावर आले आणि कमरेतून वाकले. त्यांनी निर्मळ, सुरेल, निर्दोष वाजवलं. लोकांनी देवळात वाजवाव्यात तशा टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी आस्थेनं विचारलं, भारतात कुठले? मूळ डग्लस गंभीरपणे म्हणाला, "सदाशिव पेठ." सहा दिवसांत त्याला वहिनींनी एवढं एक न हसता म्हणायला शिकवलं होतं.

मग अध्यक्षांनी ब्रिटिश बँडचं नाव घेतलं, आणि आम्ही चौघे गेलो. चौदाच्या चौदा चुका वेळेवर झाल्या. साहेब टोपी शोधायला वाकले आणि त्यांना ती लगेच सापडली, त्यामुळे पुढे काय करावं ते त्यांना सुचेना. ते आमच्याकडे बघत तसेच उभे राहिले, डोळे भरलेले, ट्रॉम्बोन उलटा. लोकांना आधी त्यांची काळजी वाटली. मग सगळा मंडप इतका हसला की टोफूवाल्यांनी कार्यक्रमांची नावं लावलेला फळा खाली आला.

पुढे दोन वर्षांनी माझं पोस्टिंग संपलं. निघताना मी कोट साहेबांना परत दिला. आता त्यात कुणी नेपाळी स्वयंपाकी शिरला आहे, साहेबांच्या मते तो आतापर्यंतचा सर्वांत इंग्रज क्लाइव्ह आहे. दारात उभं राहून मी साहेबांना म्हटलं, कोट तर दिला, आता माझं नाव तेवढं परत मागवून घ्या. त्यांनी मूळ क्लाइव्हला पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं की तिकडे एका समुद्रकाठच्या गावात चर्चच्या फळ्यावर गायकमंडळाचा प्रमुख म्हणून तेच नाव लागलंय, गावाला आता सवय झालीय, आणि मालकाची हरकत नसेल तर राहू द्यावं. मी हरकत घेतली नाही. म्हणून या लेखाखाली कुणाचंच नाव नाही.